घडीवर विरलेला शर्ट

लाँड्रीवाल्या ताईचा धाकटा भाऊ ज्ञान मिळवून परत येतोय, ही बातमी समोरच्या न्हाव्याच्या हाती लागली आणि गल्लीचं कामधाम आटोपलं. हा न्हावी असा की त्याच्या थापा ऐकून टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकाचेही केस उभे राहायचे. त्याने सांगितलं, भाऊ डोंगरावर गुरूपाशी इतकी वर्षं बसला की मांडीखालचा दगड मऊ पडला. आता त्याला भूक लागत नाही, राग येत नाही. डास चावायला जातात आणि शहाणे होऊन परततात. तो झोपतो त्या खोलीत म्हणे दिवा लावावा लागत नाही. हे ऐकून ताईच्या घरमालकाने विजेचं मीटर एकदा तपासून घ्यायचं ठरवलं.

ताई इस्त्री फिरवत गालातल्या गालात हसत होती. पण न्हाव्याने जाता जाता एक काडी टाकलीच. ज्ञानी माणसाला नातं उरत नाही. आई, बहीण, रस्त्यावरचा खांब, त्याला सगळं सारखं.

“म्हणजे मला ओळखणार नाही?” ताईने विचारलं.

“ओळखेल की. खांबाला ओळखतो तसंच.”

त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाची कॉलर जाळली. असं आजवर कधी झालं नव्हतं.

आई गेली तेव्हा हा पोरगा ताईच्या कमरेएवढा होता. लाँड्रीच्या टेबलाखाली, गरम कपड्यांच्या गठ्ठ्यावर झोपून तो वाढला. अंगाने गुबगुबीत, म्हणून ढब्या. मोठा झाला, हाडं दिसायला लागली, आणि एक दिवस म्हणाला की आत काहीतरी सतत टोचतं, ते काढून येतो. ताईला वाटलं, आठवडाभरात येईल. तेव्हापासून गिऱ्हाइकांचे कपडे उरकले की ती त्याचा निळा शर्ट काढायची, पाण्याचा शिपका मारायची, इस्त्री करून घडी घालून ठेवायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पोरगा उद्या दारात उभा राहिला तर त्याने काय चुरगळलेला घालायचा?

आता तो खरंच येणार म्हटल्यावर तिने त्याच्या अंथरुणातली उशी काढून टाकली, कारण ज्ञान्याला उशी कशाला. जेवण अळणी केलं. आणि आरशासमोर उभी राहून ‘आपण’, ‘यावं’, ‘बसावं’ म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी पाठोपाठ ‘ये रे’ निघालंच.

तो भर दुपारी आला. तेज वगैरे काही नव्हतं. सर्दी होती. नाक लाल, कपाळ मागपर्यंत पसरलेलं. न्हाव्याने धंद्याच्या नजरेने केस किती उरलेत याचा अंदाज घेतला. गल्ली दारात दाटली होती.

“यावं. बसावं आपण,” ताई म्हणाली.

भावाने मागे वळून पाहिलं, आपल्या पाठीमागून कोणी मोठा माणूस येतोय का. मग जेवायला बसला आणि पहिल्याच घासाला म्हणाला, “ताई, मीठ विसरलीस.” दारात कुजबुज झाली. जेवून उठताना त्याचा हात तापल्या इस्त्रीवर पडला, आणि तोंडातून अशी शिवी निघाली, जी लहानपणी त्याला न्हाव्यानेच शिकवली होती. निम्मी गल्ली तेव्हाच घरी गेली.

प्रवासाने त्याचे कपडे मळले होते. ताईने निळा शर्ट आणला. त्याने एक हात बाहीत घातला आणि बाही चर्रकन फाटली. दुसरा हात घातला, ती बाहीही. त्याने शर्ट काढून उजेडात धरला. घडीच्या प्रत्येक रेघेवर कापड विरलं होतं, सुरीने कापल्यासारखं सरळ. तो गेल्यापासून एकदाही अंगावर न चढता तो शर्ट नुसत्या इस्त्रीने जुना झाला होता. इतरांना घडी बदलत जा म्हणून सांगणारी ताई याची घडी मात्र त्याच जागी घालत आली होती. ती ओशाळली.

भाऊ शर्टात तोंड खुपसून रडायला लागला. चांगला मोठ्याने, सर्दीसकट.

“ज्ञान्याला रडू येत नसतं,” न्हावी दुखावल्या आवाजात म्हणाला आणि उरलेली गल्ली घेऊन निघून गेला.

संध्याकाळी लॉजच्या चादरींचा गठ्ठा आला. दोघं समोरासमोर उभी राहून घड्या घालू लागली. चादर ताणायची, झटकायची, चालत जवळ यायचं, टोकं द्यायची, मागे सरकायचं.

“तुला तर सगळंच होतंय की रे,” ताई म्हणाली. “भूक, राग, रडू. मग तिथे मिळालं काय?”

“तुझी आठवण आली की मी पाठ ताठ करून बसायचो, ती जाईपर्यंत. वर्षानुवर्षं. वाटायचं, ती गेली की ज्ञान आलं. मग एकदा आली आणि मी तिला घालवलंच नाही. बसलो तिच्याजवळ. गुरुजी म्हणाले, झालं, जा आता घरी.”

“एवढंच?”

“मीही हेच विचारलं. तर चिडले ते.”

ताई हसली आणि मधेच थांबली. तिने मनाशी धरलं होतं की हा आला की आतला खड्डा भरेल. हा तर हातभर अंतरावर शिंकत उभा होता, आणि खड्डा होता तिथेच होता. कमरेएवढा पोरगा काही परत आला नव्हता. निळ्या शर्टात मावणारा तरुणही नाही.

“ढब्या,” ती हळूच म्हणाली, “तू समोर आहेस, तरी मला तुझी आठवण येतेय.”

पूर्वीचा ढब्या असता तर त्याने काहीतरी वात्रटपणा केला असता, नाहीतर शहाणपण शिकवून दाराबाहेर पडला असता. हा चालत जवळ आला, टोकं तिच्या हातात दिली आणि तिथेच उभा राहिला. तिचं रडणं संपायची घाई त्याला नव्हती. लॉजची चादर भिजली, पुन्हा इस्त्रीला आली.

मग तिने पदराने नाक पुसलं आणि गठ्ठ्यातून दुसरी ओढली. त्याने पलीकडची टोकं धरली आणि तिच्याकडे बघत मागे मागे सरकत गेला, चादर ताठ होईपर्यंत.