जिन्यावरचीचा डावा गाल

कुठल्याही चेहऱ्याला हात लावण्याआधी सिनेमातले मेकअपवाले लेपकाका डोळे मिटून क्षणभर थांबायचे. हा चेहरा आपण घडवलेला नाही, ज्याने घडवला त्याला आधी विचारून घ्यावं आणि मग हवा तेवढा बिघडवावा, असं त्यांचं साधं म्हणणं. आणि बिघडवायचे तर असा, की चहा घेऊन येणारा माणूस दारातूनच कप सरकवून पळ काढायचा.

त्या सकाळी चेहऱ्याची चाचणी होती आणि खुर्चीत आक्का बसल्या होत्या. वय चौसष्ट, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र पंचविशीतली. तीस वर्षांपूर्वी ‘जिन्यावरची’ नावाचा भयपट आला, त्यातलं भूत म्हणजे आक्का. एका जुन्या इमारतीच्या जिन्यात डावा गाल भाजलेली एक बाई बसून असते, एवढीच गोष्ट. पण लोक असे घाबरले, असे घाबरले, की पुढे कितीतरी महिने माणसं लिफ्ट बंद असली तर खालीच थांबून राहायची.

एवढं झाल्यावर निर्माते थोडेच थांबतात! दुसऱ्या भागात ती जिना उतरून रस्त्यावर आली. तिसऱ्याचं नाव ‘अंतिम पायरी’. त्यानंतर चौथा आला. पाचव्याच्या जाहिरातीवर ‘आता खरंच अंतिम’ असं छापलं होतं, आणि सहाव्यात ती थेट जहाजावर चढली. जहाजाला जिना असतोच की, असं निर्मात्यांचं उत्तर. सातव्याबद्दल न बोललेलंच बरं. आणि आता आठवा.

“आक्का, मान सरळ.”

“मान सरळच आहे. वाकडं झालंय ते तुझं टेबल.”

काका हसले आणि रबरी लेपाची कड कानापाशी दाबू लागले. या भुताचा चेहरा चढवायला तीन तास आणि उतरवायला एक तास लागे. सात भाग आक्का या चेहऱ्यामागे राहिल्या, म्हणून रस्त्यात त्यांना कुणी ओळखत नसे. दुसऱ्या भागाच्या वेळी थोरल्या दिग्दर्शकांनी शब्द दिला होता, “आक्का, शेवटच्या भागात तुमचा खरा चेहरा दाखवू. भुताची सुटका होईल आणि आतली बाई दिसेल.” थोरले देवाघरी गेले. शब्द मागे राहिला, आणि शेवटचा भाग काही केल्या शेवटचा होईना.

“नात काय म्हणते?” काकांनी विचारलं.

“म्हणते, आजी, थापा मारू नकोस, ती तू नव्हेसच.” आक्का आरशात बघत म्हणाल्या. “मी म्हटलं, थांब गं, आठव्या भागात बघ. माझा हा शेवटचा आहे रे. गुडघ्यांनी राजीनामा दिलाय.”

तेवढ्यात दार वाजलं आणि नवे दिग्दर्शक आत आले. वय छत्तीस, छातीपर्यंत दाढी, म्हणून सगळे त्यांना दाढीवाले म्हणत. माणूस मनाने चांगला होता. या सिनेमांवर त्याचं इतकं प्रेम होतं, की सातही भागांचे संवाद झोपेत म्हणून दाखवेल. हातात नवी पानं होती.

“आक्का, काका, शेवट बदललाय! डाव्या गालाची बहीण विसाव्या मिनिटाला जळून जाते. मग उजव्या गालाची बहीण सूत्रं हातात घेते. तिच्यासाठी एक नवी मुलगी घेतोय. नववा, दहावा, सगळं तिच्यावर.”

“आणि माझा चेहरा?” आक्कांनी विचारलं.

दाढीवाले चाचरले. “जळताना… चेहरा कसा दाखवणार? खरं तर तो सीन तुमच्याऐवजी उड्या मारणारी बदली कलाकारच करेल. तुमच्या गुडघ्यांना त्रास नको.”

“गुडघ्यांची काळजी केलीत, उपकार झाले,” आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड आरशाकडे फिरवलं.

आता ही दुसरी बहीण आली कुठून, ते सांगायला हवं.

चौथ्या भागाच्या आधी पावसाळ्यात गोदामात पाणी शिरलं आणि भुताच्या चेहऱ्याचा मूळ साचा बाद झाला. काकांनी जुना फोटो समोर ठेवून नवा साचा केला. काम झकास झालं. शूटिंग सुरू झालं. चौथ्या दिवशी काका जुना सिनेमा सहज बघत बसले आणि ताडकन उठून उभे राहिले. पहिल्या तीन भागांत भाजलेला गाल डावा होता. आता त्यांनी भाजला होता उजवा! तो फोटो त्यांनी आक्कांच्या मागे उभं राहून आरशाचा काढला होता. आरशाने बाजू उलटी केली होती आणि काका ते साफ विसरले होते. मेकअपवाल्याची जिंदगी आरशासमोर जाते. असा घोळ दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायचाही नाही.

चार दिवसांचं काम झालं होतं. काकांनी तोंड मिटलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

एकाच्या आलं. कॉलेजातल्या एका पोराने कंपनीला सोळा पानी पत्र लिहिलं, की मी ओळखलं, या दोन बहिणी आहेत! एकीचा डावा गाल जळला, दुसरीचा उजवा! कंपनी नव्या गोष्टीच्या शोधातच होती. पाचवा भाग त्या पत्रावर निघाला, दोन्ही बहिणी आक्कांनीच केल्या. ते पोर म्हणजेच आजचे दाढीवाले. त्यांचं सगळं आयुष्य काकांच्या एका चुकीवर उभं होतं, आणि काकांनी आजवर सगळ्यांना वाटू दिलं की तो आपला मुद्दाम केलेला डाव होता.

दाढीवाले गेल्यावर काका लेप उतरवू लागले.

“आक्का, तुला एक सांगायचंय. चौथ्या भागात…”

“गाल चुकला होतास,” आक्का म्हणाल्या.

काकांच्या हातातला बोळा तसाच राहिला. “तुला माहीत होतं?”

“अरे, गाल माझा आहे! तीन सिनेमे डाव्या बाजूला गोंदाने खाज सुटायची. चौथ्यात पहिल्याच दिवशी उजव्या बाजूला सुटली. मला कळणार नाही होय?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझी मुलगी तेव्हा दवाखान्यात होती. तुला कामावरून काढलं असतं तर?” आक्कांनी आपल्या हाताने गाल पुसला. “खाजेचं काय एवढं. इकडून तिकडे गेली.”

काका खाली बसले. म्हणजे हिने अठरा वर्षं आपली चूक पदरात बांधून ठेवली, आणि त्याच चुकीतून जन्मलेली बहीण आज हिच्या वाट्याचा शेवट खायला निघाली.

काकांचे वडील कीर्तन करत. गोड गळा आणि भरलेली सभा. त्यांच्या कथेतले राक्षस ऐकून पोरं आईच्या कुशीत शिरायची, आणि शेवटच्या पदाला तीच पोरं टाळ्या वाजवत उठायची. वडील म्हणायचे, “लोकांना अंधारात नेलंस ना, मग घरी आणून सोडायचं कामही तुझंच. मध्येच सोडून आलास तर ते पाप.” काकांना वाटलं, आपण सात वेळा लोकांना अंधारात नेलं आणि एकदाही घरी सोडलं नाही. त्या बिचाऱ्या जिन्यावरचीला तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या खोलीत पटकथेचं वाचन होतं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, टोकाला निर्मातीबाई, एका बाजूला नवी मुलगी, दुसऱ्या बाजूला आक्का आणि काका. दाढीवाले रंगात आले होते.

“या मालिकेचा आत्मा म्हणजे त्या दोन बहिणी! आणि त्याचं बीज कुणी पेरलं? आपल्या लेपकाकांनी. चौथ्या भागात त्यांनी गाल बदलला, तोंडाने एक अक्षर न बोलता. याला म्हणतात प्रतिभा!”

टाळ्या पडल्या. काका उभे राहिले.

“प्रतिभा कसली, साहेब. चुकलो होतो मी.”

टाळ्या वाजवणारे हात हवेतच थांबले. काकांनी खिशातून जुना फोटो काढून टेबलावर ठेवला आणि पिशवीतला छोटा आरसा बाजूला धरला. “हा फोटो आरशातला आहे. मी तो सरळ समजलो. बहीणबिहीण कुणी नाही. बाई एकच आहे. अठरा वर्षं गप्प बसलो, ही दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी.”

खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. दाढीवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. “काका, माझं पत्र… लाखो लोक मानतात ते!”

“मानू देत. त्यांनी काय चुकीचं पाहिलं? डावा गाल दिसला, मग उजवा दिसला. साहेब, माणसाला स्वतःचा उजवा-डावा उलटा कुठे दिसतो?” काकांनी आरसा त्यांच्याकडे वळवला. “पाचव्या भागापासून जिन्यावरची त्या दुसरीच्या मागे लागलीय. मारायला बघते, पळते, जहाजावर चढते. आठव्यात जिन्याच्या वळणावर ती तिला गाठते. आणि तिथे आरसा असतो. ती स्वतःलाच घाबरत होती. एवढं कळल्यावर भूत कशाला राहील ती? आपल्या हाताने तो गाल सोलून काढेल. कॅमेरा बंद करायचा नाही. आत जी बाई आहे, ती दिसू द्या.”

मग निर्मातीबाईंनी चष्मा काढला. “गोष्ट चांगली आहे, काका. पण मग नवव्या भागाचं काय?”

“बाई, नवव्यात विमान घ्या,” आक्का म्हणाल्या. “विमानालाही जिना असतोच.”

सगळी खोली हसली. निर्मातीबाईही हसल्या. नव्या मुलीने तर, आपलं काम हातचं जातंय हे विसरून, टेबलावर डोकं टेकलं. एकटे दाढीवाले हसले नाहीत. ते फोटो आणि आरसा आलटून पालटून बघत होते. मग त्यांनी मान वर केली.

“आक्का, एक विचारू? लहानपणापासून विचारायचंय. पहिल्या भागात ती जिन्यावर बसून कुणाची वाट बघत असते?”

“जेवणाच्या सुट्टीची,” आक्का म्हणाल्या. पुन्हा हशा उसळला. तो विरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “थोरल्यांनी मला सांगितलं होतं, येणाराजाणारा प्रत्येकजण तुला बघून किंचाळत पळणार. तू मात्र बसून राहा. कुणीतरी एक थांबेल.”

दाढीवाल्यांनी नवी पानं गोळा केली, मधोमध फाडली आणि काकांना म्हणाले, “थांबलो. आरसा केवढा हवा?”

शूटिंगच्या पाचव्या आठवड्यात तो सीन लागला. सकाळचे दहा, जिन्याच्या खिडकीतून स्वच्छ ऊन. खुर्चीत आक्का बसल्या. काकांनी डोळे मिटले, उघडले, आणि आरशाकडे पाठ करून त्यांच्या समोर येऊन उभे राहिले.

“आक्का, कुठला गाल?”

आक्कांनी डाव्या गालावर टिचकी मारली. “हा. लिहून देऊ?”

तीन तासांनी जिन्यावरची पायऱ्या चढली. गुडघे खरंच दुखत होते, त्यामुळे चाल अशी उतरली की दिवेवाल्यांच्या अंगावर काटा आला. वळणावर आरसा. ती थबकली. आरशातली थबकली. तिने हात उचलला, आणि आरशातलीनेही. मग काकांनी शिकवल्याप्रमाणे तिने कानापाशी बोट घातलं आणि कड उचलली. लेप सावकाश सुटत आला, गाल, हनुवटी, कपाळ. खाली चौसष्ट वर्षांची एक बाई होती, गोंदाने लालबुंद झालेली, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, केस विस्कटलेले.

पटकथेत एवढंच लिहिलं होतं. पण दाढीवाले ‘कट’ म्हणायचं विसरले. आक्का स्वतःकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाचही बोटांनी डावा गाल खसखसून खाजवला, पोटभर, तीस वर्षांची उधारी फेडल्यासारखा, आणि सुटलेल्या माणसासारख्या हसल्या.

ते खाजवणं सिनेमात तसंच राहिलं. पहिल्या खेळाला काका मागच्या रांगेत बसले होते. पहिला दीड तास लोक हवे तेवढे किंचाळले. त्या सीनला मात्र कुणी ओरडलं नाही. अंधारात एकजण हसला, मग दुसरा, आणि दिवे लागायच्या आतच लोक उभं राहून टाळ्या वाजवू लागले. काकांच्या पुढच्याच रांगेत एक लहान मुलगी खुर्चीवर चढून शेजारच्या बाईचा चेहरा दोन्ही हातांनी धरून बघत होती.

“आजी, तूच!”

“मग मी काय म्हणत होते?” आक्का म्हणाल्या.

काकांनी डोळे मिटले, या वेळी जरा जास्त वेळ. मग उठून सगळ्यांबरोबर दाराकडे निघाले. बाहेर जिना होता. लोक गप्पा मारत, निवांत उतरत होते.