पाच सऱ्या

मांडवगण फराट्याच्या धुरपदाबाईंनी उभ्या आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नव्हती. दहा वर्षे सरपंचपद सांभाळले, तालुक्याच्या कचेरीत साहेबांना उभे केले, आणि सत्तरी उलटली तरी मळ्यातले गडी त्यांच्या नुसत्या खाकरण्याने सरळ होत. अशा बाईंना एका गोष्टीची टोचणी लागली होती, आणि ती कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

गोष्ट सहा वर्षांच्या नातीची, प्रांजलची. मुलगा ईश्वर दुबईला यंत्रे दुरुस्त करी, सून राजश्री तिथेच रुग्णालयात नर्स होती. दीड वर्ष पोर आजीपाशी वाढली. महिन्यापूर्वी राजश्री तिला न्यायला आली. विमानाचे दार लागले तशी प्रांजल लाकडासारखी ताठ झाली. मग किंचाळली, ओकली, तिला श्वास घेता येईना. दोघींना खाली उतरवण्यात आले. रजा संपली म्हणून राजश्री दोन दिवसांनी एकटी परत गेली. आता प्रांजलच्या प्रवेशपरवान्याची मुदत येत्या शनिवारी सरत होती. ती चुकली तर सारे कागद पहिल्यापासून, म्हणजे आणखी वर्षभर आई एकीकडे आणि लेक दुसरीकडे.

टोचणी होती ती राजश्रीच्या फोनची. "आई, रागावू नका," ती म्हणाली होती, "पण भीती वाटते असं पोरीनं आधी सांगितलंच नाही. खाली उतरल्यावर मला म्हणते, आजीला सांगू नको मी भ्याले."

आपल्या घरात कुणी भीत नाही, हे वाक्य धुरपदाबाईंनीच निघताना पोरीला बजावले होते. पोरीने ते पाळले होते. दार लागेपर्यंत पाळले होते.

"तिला मी घेऊन येती," त्यांनी त्याच फोनवर हुकूम दिला होता. आपणही कधी विमानात पाय ठेवलेला नाही, हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. ईश्वरने मागेच काढून दिलेला पासपोर्ट ट्रंकेत कोरा पडून होता.

तेव्हापासून तीन आठवडे त्या पोरीला झेंडूच्या मळ्यात नेत होत्या. पाण्याची पाळी असली की तिला दारं धरायला बसवायचे. दारं धरणे म्हणजे भरलेल्या सरीचे तोंड मातीने बुजवायचे आणि पुढच्या सरीचे उघडायचे. तिच्यासाठी त्यांनी न्हावऱ्याच्या लोहाराकडून हातभर दांड्याचे खुरपे घडवून आणले होते. पाणी सरीतून आपल्या चालीने सरकत जाई, आणि एरवी घटकाभर एका जागी न ठरणारी प्रांजल त्याच्याकडे पाहत शांत बसे.

"घाई केली तर काय हुतं?" आजी विचारीत.

"सरी फुटती."

"मंग इमानाचंबी तसंच. समदं येकदम पार करायचं न्हाई. येक सरी भरू द्यायची, मंग दुसरी."

"हे खुरपं हातात असलं की मला जमतं, आजी."

"मंग न्हेऊ की संगं."

निघायच्या दिवशी शेजारच्या मेहमूदभाईंचा मुलगा शोएब गाडी घेऊन आला. भीमा ओलांडून दौंडच्या हद्दीत शिरल्यावर त्याने आरशातून मागे पाहिले. प्रांजलच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेले खुरपे होते.

"काकी, ह्ये आत न्हेऊ देत्यात का?"

"माजं खुरपं हाय. कोन आडवतंय बघती."

"तसं न्हाई, तिथं नेलकटरसुदिक काढून घेत्यात."

"तू रस्त्याकडं बघ, शोएब. नेलकटर अन् खुरपं येक का?"

शोएबने कासुर्डीत चहाला गाडी थांबवली. चहा पिताना तो प्रांजलला हळूच म्हणाला, "आत्याबाई, दुबईत गेल्यावर मला ईसरू नका बरं का," आणि पोर सकाळपासून पहिल्यांदा हसली.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर खुरप्याची पिशवी थांबली. वर्दीतल्या मुलीने फडके सोडले आणि ती खुरप्याकडे पाहतच राहिली. "माताजी, ये अंदर नहीं जाएगा."

"लेकराचं हाय ते. खेळनं."

"इसमें धार है, माताजी."

"धार न्हाई तर काय असनार? लोहारानं केलंय!"

मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसले. धुरपदाबाईंनी वळून पाहिले आणि हसू थांबले. पण खुरपे काही परत मिळाले नाही. मोठ्या बॅगा आधीच पुढे गेल्या होत्या, शोएब निघून गेला होता. न्हावऱ्याच्या लोहाराचे ते काम कात्र्या आणि लायटरांच्या डब्यात जाऊन पडले. प्रांजलने ते पडताना पाहिले. ती रडली नाही. नुसती गप्प झाली, आणि धुरपदाबाईंनी तिचे मनगट घट्ट धरले. कारण मागच्या खेपेला घरून निघतानाही ती अशीच गप्प होती.

विमानात त्यांनी तिला खिडकीशी बसवले, पट्टा लावला. "ही येक सरी झाली," त्या म्हणाल्या. पोरीची नजर दाराकडे होती. दार लागल्याचा आवाज आला. तिचे खांदे कानांपर्यंत चढले, बोटे खुर्चीच्या हातात रुतली, ओठ पांढरे पडले.

"प्रांजल. माज्याकडं बघ. भ्यायचं..."

वाक्य तोंडातच राहिले. पुढचा शब्द त्यांना ठाऊक होता. महिन्यापूर्वी त्याच शब्दाने हे लेकरू मुके केले होते. खालून यंत्राची घरघर पायांत शिरली. धुरपदाबाईंना कळले, की आपलेही गुडघे लुगड्याखाली लटपटत आहेत आणि ते केव्हापासून, हे आपल्याला सांगता येणार नाही.

"प्रांजल," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला भ्या वाटतंय."

पोरीने मान वळवली. "तुला?"

"व्हय. लई."

"खोटं."

"गुडघ्यावर हात ठिवून बघ."

प्रांजलने हात ठेवला. बराच वेळ ठेवला. तिचे खांदे बोटभर खाली आले. "मग आता? खुरपं पन नाय."

धुरपदाबाईंनी आपला उजवा पंजा तिच्या मांडीवर उताणा टाकला. भेगाळलेला, घट्ट्यांचा. "ह्या पाच सऱ्या हायेत. तू दारं धर. पानी वर जातंय तवर मी श्वास घेती, खाली येतंय तवर सोडती. तू सांगशील तसं."

प्रांजलने तर्जनी अंगठ्याच्या बुडाशी टेकवली. "घे, आजी." बोट सावकाश टोकापर्यंत चढले. "आता सोड." ते दुसऱ्या बाजूने उतरले. विमान धावू लागले, तशी आजीची बोटे थरथरली.

"आजी, सरी फुटली!"

"मंग बुजव."

पोरीने दोन्ही हातांनी ते बोट घट्ट दाबून धरले. "घाई नको करू. बुजवल्यावरच पुढची." तिचा स्वर थेट धुरपदाबाईंचा होता. आजी श्वास घेई तसा तिचाही आत जात होता, आणि हे तिच्या ध्यानात आले नव्हते. करंगळी भरेस्तोवर जमीन खाली राहिली होती. मग दुसरा हात मागवण्यात आला, मग पुन्हा पहिला. हवाई सुंदरी पाणी घेऊन आली, तेव्हा प्रांजलने तिला बोटानेच थांबवले: "थांबा, सरी भरतीय."

दुबईला बाहेरच्या दाराशी राजश्री आणि ईश्वर उभे होते. लेक धावत आईच्या कमरेला भिडली, आणि रडणे आले ते आईला. जरा वेळाने प्रांजलने डोके वर काढले, एकदा आजीकडे पाहिले आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मम्मी, मी भ्याले होते. आजी पन भ्याली होती."

ईश्वरने चमकून आईकडे पाहिले. उभ्या आयुष्यात असे काही त्याच्या कानावर आले नव्हते. प्रांजलही पाहत होती, आजी काय म्हणते म्हणून.

धुरपदाबाईंनी पदर सावरला आणि भोवतालच्या चार अनोळखी माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "व्हय. भ्याले व्हते. ही व्हती म्हनून निभावलं." मग लेकाकडे वळल्या. "बघत काय ऱ्हायलास? बॅग उचल. आन् हितं लोहार कुठं ऱ्हातो त्ये इचारून ठेव."