जलपर्णीचा नमस्कार

तळ्याच्या पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून आला होता आणि ते गिऱ्हाईकही साबणासकट त्याच्या शेजारी उभं होतं. सगळ्यांच्या नजरा पाण्यावर होत्या. पाणी आपलं म्हणायला. गेली काही वर्षं या काठापासून त्या काठापर्यंत नुसती जलपर्णी माजली होती, आणि मासेवाल्याची होडी तिच्यात चिखलातल्या म्हशीसारखी रुतून बसायची.

आदल्या दिवशी गावात नव्याने आलेल्या एका मंत्रवाल्या बाबांनी या टोकाला मंतरलेलं पाणी फवारलं होतं. आज तिथली ताठ उभी पानं देठातून पीळ पडून खाली वाकली होती.

"नमस्कार करतायत," कुणीतरी हळूच म्हणालं, आणि ते पायरीपायरीने वरपर्यंत गेलं.

काही झाडं बाबांकडे वाकली होती, काही पार उलट्या दिशेला. त्याचंही उत्तर बाबांकडे तयार होतं. "पाठ फिरवून वाकलीत ती अपराधी झाडं. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते."

मग त्यांनी काचेचा जग उचलला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, अर्धं पाणी सगळ्यांदेखत घटाघटा प्यायले आणि उरलेलं अर्धं पाठीवरच्या फवारणीपंपात ओतलं. "माझ्या घशाला अमृत, दुष्टाला मरण. काठावरच्या गवताकडे बघा. जलपर्णी वाकली, पण गवताच्या पात्याला धक्का नाही. चांगलं कोण, वाईट कोण, हे या पाण्याला कळतं. माणसाला कधी कळणार?"

माणसांनी माना डोलावल्या. आपल्याला काही कळत नाही, हे इतक्या गोड आवाजात ऐकायला मिळालं की बरं वाटतं.

गुरांची डॉक्टरीण सगळ्यात वरच्या पायरीवर सासूचा दंड धरून उभी होती. ती आली होती ती सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून, चमत्कार बघायला नव्हे. नवरा गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसं सगळं अंग झालं होतं. गाई तपासायची, कुत्र्यांना टाके घालायची, घरी येऊन जेवायची. समोरची झाडं वाकलेली तिला दिसली. यामागे काहीतरी कारण असणार, असं मनात आलं आणि ती घरी जाऊन भांडी घासायला लागली.

पुढच्या काही दिवसांत बाबांनी अख्खं तळं फवारलं. जलपर्णी आधी पिवळी, मग तपकिरी झाली आणि कुजून खाली बसायला लागली. नगराध्यक्षांनी बाबांना नगरपालिकेच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरवलं. पाणी दिसायला लागलं म्हणून लोक संध्याकाळी काठावर फिरायला यायला लागले.

आणि मग एका पहाटे मासे वर आले. शेकडो मासे तोंडं पाण्याबाहेर काढून हवा गिळत होते. उन्हं येईपर्यंत त्यातले बहुतेक पांढरी पोटं वर करून तरंगत होते. मासेवाला डॉक्टरीणबाईंच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात एक मेलेला मासा होता.

"बाबा काय म्हणतात?" तिने विचारलं.

"म्हणतात, गावात कुणाच्या तरी मनात संशय आहे. त्याचं पाप माशांना भोवलं."

सासूबाई दाराआडून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. त्या परसात गेल्या. परसाची भिंत तळ्याला लागूनच होती आणि तिथे त्यांनी टोमॅटो आणि घेवडा लावला होता. त्यांचीही पानं पिळवटून खाली वळली होती. गेले काही दिवस हे त्यांनी सुनेपासून लपवून ठेवलं होतं.

दुपारी त्यांनी तिच्यासमोर एक छोटी बाटली ठेवली. "रागावू नकोस. बाबांच्या शिष्याच्या हातापाया पडून पंपातलंच आणलंय. टोमॅटोसुद्धा माना टाकून बसलेत. आपल्याच घरात काहीतरी आहे. तू हसत नाहीस, रडत नाहीस. माझा मुलगा गेला, मी रडले तरी. तुझं काय? दोन घोट घे. मन जाग्यावर येईल."

सुनेने बाटली हातात घेतली. हलवली. वर फेस आला आणि तसाच राहिला. झाकण उघडून तिने दुरूनच वास घेतला. शेतातून येणाऱ्या कितीतरी जनावरांच्या अंगाला तिला हा वास आला होता. तण मारायच्या औषधाचा.

"आई, तुम्ही यातलं प्यायलात का?"

"नाही. तुझ्यासाठी आणलं म्हटलं ना."

एरवी अशा वेळी माणूस घाबरतो. ती घाबरली नाही. तिने झाकण घट्ट लावलं, बाटलीवर 'विष' लिहिलं, हात साबणाने धुतले आणि नगराध्यक्षांकडे गेली.

संध्याकाळी पुन्हा पायऱ्या भरल्या. लोकांना वाटलं, आता डॉक्टरीणबाई बाबांना पंपातलं पाणी प्यायला लावणार. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते आधीच म्हणाले, "पंपातलं पाणी फक्त पाप्यांसाठी असतं."

"ते तुम्ही पिऊ नका," ती म्हणाली. "उलट्या झाल्या तर मलाच धावावं लागेल. माझं मागणं साधं आहे. जे पाणी तुम्ही पिता, तेच झाडावर मारा. हा दुकानातून आणलेला कोरा पंप. जगमधलं पाणी यात ओता, मंत्र तुमचाच म्हणा आणि जलपर्णीच्या या तीन टबांपैकी पहिल्यावर मारा."

"मंत्र माझ्या पंपात मुरलाय."

"मग दुसऱ्या टबावर तुमचा पंप चालवा. तिसऱ्याला कुणी हात लावायचा नाही."

तळ्याच्या एका आडोशाच्या कोपऱ्यात थोडी हिरवी जलपर्णी शिल्लक होती. मासेवाल्याने ती तीन टबांत भरून आणली होती. बाबांनी आभाळाकडे बघितलं, वेळ शुभ नाही म्हणाले, पण साबण पुसून आलेलं ते न्हाव्याचं गिऱ्हाईक शांतपणे म्हणालं, "तळं फवारताना तर कोणतीही वेळ चालत होती." काही लोक हसले. बाबांना फवारावं लागलं. तिन्ही टब पायऱ्यांजवळच्या वाचनालयाच्या ओट्यावर ठेवले. राखणीला एका बाजूला मासेवाला, दुसऱ्या बाजूला बाबांचा शिष्य.

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत बाबांच्या पंपाच्या टबातली पानं पिळवटून वाकली. कोऱ्या पंपातलं, खुद्द बाबांनी मंत्र म्हटलेलं पाणी मारलेली जलपर्णी मजेत हिरवी होती. न फवारलेल्या टबाशेजारी ठेवली तर कोणती कोणती ते सांगता येईना. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

सासूबाई गुडघे धरत पुढे आल्या. "बाबा, माझ्या टोमॅटोंनी काय केलं होतं?"

बाबा म्हणाले, श्रद्धा कमी पडली. पण आवाज आता तितका गोड नव्हता. मासेवाल्याने त्यांचा पंप उघडून आडवा केला. तळाशी दाट, उग्र वासाचं तपकिरी पाणी होतं. शिष्याने मान खाली घातली. "औषध आधीच भरून ठेवतो," तो म्हणाला. "मग बाबा वरून जगमधलं ओततात."

बाबांना नगराध्यक्षांनी पोलिसांच्या हवाली केलं. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं झालं. नंतर मात्र गर्दी दुसऱ्या बाजूला कलंडली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. "औषधच शापित आहे," न्हावी म्हणाला. "गावातल्या सगळ्या बाटल्या तळ्यात फेकून द्या."

"तळ्यात?" मासेवाल्याने विचारलं.

डॉक्टरीणबाई ओट्याच्या कडेला बसली. ती फार दमली होती. तिने आवाज चढवला नाही, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागलं.

"शाप नाही आणि वरदानही नाही. हे औषध रुंद पानांच्या झाडांची वाढ पिसाट करतं. म्हणून देठ पिळवटतात. त्याला नमस्कार म्हणायचं कारण नाही. गवताची जात वेगळी, ते सहसा वाचतं. त्यात गवताचं पुण्य काही नाही. वाऱ्यावर चार थेंब उडाले की टोमॅटो जातात. आता मासे. मला वाटतं, त्यांना औषधाने थेट मारलं नसावं. अख्ख्या तळ्याची जलपर्णी एकदम मेली, एकदम कुजली. कुजताना तिने पाण्यातला प्राणवायू खाल्ला. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, म्हणून मासे पहाटे वर आले. बेडकांना, बदकांना काय झालं, ते मला अजून माहीत नाही. पाण्याचे नमुने तपासायला पाठवलेत. कळल्यावर सांगेन."

"म्हणजे जलपर्णी तशीच राहू द्यायची?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"नाही. तिच्याखालीही पाणी गुदमरतंच. पट्ट्यापट्ट्याने हाताने काढा, काठावर आणून वाळवा. हात पोचत नाही तिथे पाण्यात वापरायला परवानगी असलेलं औषध, थोडं थोडं, माहितगार माणसाकडून, नाव सांगून वापरा. पण एक करा. कुणीही काहीही फवारायला आला, तर तो कोण आहे हे बघू नका. यात काय आहे, किती आहे आणि आणखी कुणाकुणावर पडणार आहे, हे विचारा. त्याला विचारलेलं चालत नसेल तर तो कितीही गोड बोलो, त्याला तळ्याच्या पायऱ्या उतरू देऊ नका."

घरी जाताना सासूबाई तिच्या दंडाला धरून चालत होत्या. "ते तू प्यायली असतीस तर?"

"मी प्यायले नसते, आई."

"तुला भीतीसुद्धा वाटली नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

मग कामाला सुरुवात झाली. होड्या घालून माणसं जलपर्णी ओढायला लागली. काम हळू चाललं, कंटाळवाणं, आणि बघायला कुणी येईना. काही आठवड्यांनी नगरपालिकेने एका फवारणी करणाऱ्या माणसाला बोलावलं. साधा गणवेश घातलेला, कागदपत्रं बरोबर असलेला माणूस. तो पायऱ्या उतरायला लागला आणि सगळे आदराने बाजूला झाले.

सासूबाई बाजूला झाल्या नाहीत. "थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "यात काय आहे? किती आहे? आणि माशांचं काय?"

माणूस थांबला. त्याने बाटली त्यांच्यासमोर धरली आणि वरचं नाव वाचून दाखवायला सुरुवात केली.