परत पहिल्यापासून

हिंगणघाटातल्या घरात बसून तीनशे वर्षांपूर्वीच्या इटालियन ऑपेरातल्या गाण्याची चिरफाड करायची, हे खूळ वर्षालीलाच सुचणार! पण पाश्चात्त्य संगीताच्या त्या ऑनलाइन कोर्सला तिचं नाव आईनंच हट्टानं घातलं होतं. त्या आईची, कोकिळाबाईची, तेरवी परवा झाली.

वर्षाली रडली नव्हती. आईला नेताना नाही, तेरवीला नाही. "गोट्यावानी हाये पोरगी," मावशी सगळ्यांदेखत बोलून गेली. वर्षालीलाही तेच वाटत होतं. आपण कायमचे असेच राहिलो तर? पण त्याची धास्तीसुद्धा धड वाटत नव्हती.

म्हणून ती कोर्सचा पेपर सोडवत बसली. गाण्याचे तीन भाग. पहिला जी मेजरच्या उजळ सुरांत, त्यात राणी नवऱ्याला हाक मारते. दुसरा ई मायनरच्या उदास सुरांत उतरतो अन् बी मायनरवर येऊन थांबतो; नवरा गेल्याचं तिला कळतं. तिसरा तर कागदावर लिहिलेलाच नाही. नुसतं 'परत पहिल्यापासून', आपण भजनात धृपद परत घेतो तसं. वर्षालीनं खालच्या सुरांखाली, त्यांच्या जोडीला कोणते सूर वाजतात ते दाखवणारे आकडे मांडले. शेवटचा प्रश्न होता, पहिला भाग परत येतो तेव्हा काय बदलतं?

सूर तेच, शब्द तेच. तिनं लिहिलं, 'काहीच नाही.'

चारच्या सुमारास तिचे बाबा, अण्णाजी, घरी आले. तेरवीनंतर आजच त्यांनी कापडाचं दुकान उघडलं होतं. जन्मात त्यांनी बायकोचं नाव घेतलं नाही. घेतं कोण आपल्याकडे? चप्पल काढता काढता त्यांनी रोजच्यासारखा आवाज दिला, "अवो, चाय मांडजो वो!"

तोच सूर. शेवटचा 'वो' तसाच लांबवलेला. आतून आईचं नेहमीचं "मांडून राह्यली न!" काही आलं नाही.

अण्णाजी एक पाय चपलेत, एक बाहेर, तसेच थांबले.

"तुलेच म्हटलं बाई," ते म्हणाले.

खोटं बोलत होते बिचारे. पोरीला त्यांनी 'अवो' कधी म्हटलं होतं?

"मांडून राह्यली न, बाबा," वर्षाली म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. ओट्याशी उभी राहून ती ढसाढसा रडली. दूध उतू गेलं. अण्णाजी उंबऱ्यावर बसून राहिले.

चहा झाल्यावर तिनं 'काहीच नाही' खोडलं आणि खाली लिहिलं, 'हाक तीच असते. ओ द्यायला कोणी नसतं.'