ओल

माझा धाकटा भाऊ मंगेश पायांकडून दगड होत चालला आहे. रात्री गुडघ्यापर्यंत होता, सकाळी कंबरेपर्यंत. दगड काळा, आमच्या देवळातल्या मूर्तीचा आहे तसाच. महिनाभर तो पलंगावरून उठलाच नव्हता, म्हणून आम्हाला उशिरा कळलं.

मी पुण्यात मेंदूवर संशोधन करते. निराश उंदरांची मला चांगली पारख आहे. मी मंगेशच्या दंडातून रक्त काढलं, तर नळीत येताच त्याची रेती झाली. सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कणात हीच खोली होती, हाच पलंग, आणि उशाशी वाकून कशात तरी बघणारी मी. मान वर करायची मला भीती वाटली.

"काय गावला?" आईने विचारलं.

"मेंदूतलं रसायन बिघडलंय. गोळ्या सुरू करू."

"गोळयेन दगडाक काय होतला? ह्या देवाचा काम आसा. आता कौल लावया."

खोली तोवर गाभाऱ्याएवढी झाली होती. आबा गुरव वाकून आत आले. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा आणि आधी कुठली पडते ते बघायचं, ही आमच्याकडची रीत. आबांनी मंगेशच्या छातीवर दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर देवाचं, डावी पडली तर डॉक्टरचं. त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आई म्हणाली, "व्हय महाराजा." मीही म्हणाले.

पाकळ्या हलेनात. दगड मानेपर्यंत चढला.

"छाती ओली आसा," आबा म्हणाले. "सुकल्याबिगर सुटाची नाय."

मी हात लावला. दगडाला खरंच घाम होता, कोमट. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला उत्तर हवं होतं, आणि ते माझ्या बाजूने हवं होतं. मी टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. आईने सूप घेतलं आणि ती दुसऱ्या बाजूने वारा घालायला लागली.

"ताई, फॅन बंद कर," मंगेश म्हणाला. "त्या ओलीतच आसंय मी."

"थांब रे जरा," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

त्यानंतर त्याचे ओठ हलले नाहीत.

पाकळ्या सुटल्या, दोन्ही एकाच वेळी. आईने उजवी झेलली, मी डावी. आम्ही मुठी उघडून एकमेकींना दाखवल्या. मंगेशच्या छातीवर पाकळ्यांच्या जागी दोन ओले डाग उरले होते, आणि फॅन चालूच होता.