छत्तिसावी वडी

“हात दाखव,” वहिनी म्हणाली.

नणंदेने हात टेबलाखाली नेले. पन्नाशी उलटलेली बाई, पण गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी बसली होती. समोर साबणाच्या वड्या होत्या, वेष्टनांचा गठ्ठा होता, खळीची वाटी होती, आणि सकाळपासून तिने जेमतेम दहा वड्या गुंडाळल्या होत्या. एरवी एवढ्या वेळात चाळीस होत आणि तोंडाचा पट्टाही तितकाच चाले. आज दोन्ही थंड होतं.

“काही नाही गं. कागदानं कापलंय.”

“दहाही बोटांना एकदम कापतो का कागद?”

हात वर आले. बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ उठलं होतं आणि दोन ठिकाणी कातडी सुटली होती. वहिनीने चष्मा लावून नीट पाहिलं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिने सतरा वर्षं चादरी धुतल्या होत्या. असे हात तिने रोज पाहिले होते, त्यातले दोन स्वतःचेच.

“कधीपासून?”

“अडीच महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आलं. या वासाच्या वड्या गुंडाळायला घेतल्या तेव्हा. मग गेलं आपोआप. आता उरलेल्या घेतल्या, तर परत आलं.”

“आणि आज सांगतेस?”

“सांगू कुठल्या तोंडानं? वासाचं खूळ माझंच. म्हटलं, वहिनी मला धारेवर धरेल.”

हे खरं होतं. वहिनीने धारेवर धरलंच असतं. पण या क्षणी तिने फक्त मलमाची डबी काढून पुढे सरकवली, आणि ते नणंदेला जास्त जड गेलं.

नणंद वहिनी म्हणायची म्हणून सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. धुलाईखाना सोडल्यावर तिने मागच्या खोलीत साबण करायला घेतला. चार लाकडी साचे, एक वजनकाटा आणि वड्या वाळवायला भिंतभर फळ्या, एवढाच कारखाना. तेलं मोजायची, कॉस्टिक सोडा पाण्यात सोडायचा, पाणी सोड्यात कधीच नाही, मग दोन्ही एकत्र घोटून साच्यात ओतायचं. कापलेल्या वड्या सहा आठवडे फळीवर. तोवर कुणी कितीही गयावया केली तरी वडी मिळत नसे.

धुलाईखान्यातल्या जहाल पावडरीने हातांची सालं निघत, तेव्हा तिथला मुकादम म्हणे, होईल सवय. सवय झालीच. पण तेव्हाच तिने मनाशी गाठ मारली होती की आपल्या हातून होईल ते असलं नसेल. म्हणून तिच्या साबणात फेस वाढवणारी रसायनं नव्हती, रंग नव्हता, वास नव्हता. गिऱ्हाईक कुरकुरलं, की फेस फारच कमी येतो हो, तर ती म्हणे, फेस डोळ्यांसाठी असतो, अंगासाठी नाही. वेष्टनावर तिने एकच ओळ छापून घेतली होती: ‘कोणाच्याही त्वचेला त्रास होत नाही.’ या ओळीचा तिला फार अभिमान होता.

नणंदेने मात्र वासाचा धोशा लावला होता. बिनवासाचा साबण म्हणजे बिनमिठाचं जेवण, असं ती दिवसातून चारदा म्हणे. शेवटी मोठ्या रस्त्यावरच्या दुकानदारानेही तेच सांगितलं, आणि वहिनी नमली. एका व्यापाऱ्याने लव्हेंडरच्या फुलांचा अस्सल अर्क म्हणून एक बाटली दिली. त्या बाटलीतून साठ वड्यांचा एक घाणा निघाला. घर आठ दिवस घमघमत होतं. छत्तीस वड्या गेल्या होत्या, आठ नमुन्याला दुकानात आणि बाकीच्या गल्लीत. उरलेल्या चोवीस आज दुकानात जायच्या होत्या, आणि त्या खपल्या की पुढे दोनशेची मागणी ठरलेली होती.

वहिनीचा एक नेम होता. कुठलाही नवा घाणा विकायला काढण्याआधी ती सात दिवस त्या साबणाने स्वतःचं मनगट धूत असे. या वेळीही धुतलं होतं, आणि मनगटाला काहीही झालं नव्हतं. आता तिने आधी नणंदेची बोटं पाहिली, मग स्वतःचं मनगट खिडकीच्या उजेडात धरलं. सोड्याच्या थेंबांचे जुने पांढरे डाग, धुलाईखान्याने राठ करून ठेवलेली कातडी. या कातडीने तक्रार करणं केव्हाच सोडून दिलं होतं. आणि एवढी वर्षं ती हिलाच विचारून लोकांना हमी देत आली होती. 

तिने कपाटातून अर्काची बाटली काढली आणि टीपकागदावर एक थेंब टाकला. खरा अर्क रात्रीतून उडून जातो, कागद कोरा राहतो, हे तिला माहीत होतं. त्या वेळी मात्र दुकानदाराची घाई होती आणि वास इतका गोड होता की तिने थेंब टाकलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर रुपयाएवढं तेलकट, पिवळं कडं तसंच होतं.

“छत्तीस गेल्यात ना,” ती म्हणाली. “छत्तीस परत आणायच्या.”

“वहिनी, अगं, माझी कातडी नाजूक आहे. मला तर लोकरीनंसुद्धा खाजतं.”

“मग आजपासून तुझ्याच हातावर बघायचं. माझ्या हाताला काय कळतंय?”

“आणि या चोवीस? किसून कपड्यांचा साबण करू या की.”

“कपडे काय खुंटीला घालतो आपण? अंगालाच लागतात ते. फरशी पुसायला घे.”

आधी दुकान. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. “खाज कुणाला आली? तुमच्या नणंदेला. माझ्याकडे या फळीवर वीस जातीचे साबण आहेत. कुणाला ना कुणाला खाज येतच असेल. कुणी कंपनी बंद केली का?”

“त्यांचं ते बघतील. माझ्या आठ द्या.”

“बिनवासाचा खपत नाही, सांगून ठेवतो. दोनशेचं मग विसरा.”

“विसरले,” वहिनी म्हणाली आणि पिशवी उघडून उभी राहिली. दुकानातून निघाल्यावर दोनशेचा आकडा तिच्या डोक्यात सारखा घोळत होता. नवी खोली, मोठा काटा, नणंदेने मनातल्या मनात रंगवूनही झालेली पाटी. जाताना वाटेत तिला एकदा रडू आलं. ते तिने पदराने पुसलं आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

दोन दिवस ती दारोदार फिरली. कुणाला दिली ते वहीत लिहिलेलं होतंच. प्रत्येक दारात एकच वाक्य: माझी चूक झाली, वासाची वडी परत द्या, ही बिनवासाची घ्या. काही वड्या अख्ख्या मिळाल्या, काही झिजून चपट्या झालेल्या, नऊ तर संपल्याच होत्या. तिथे ती खाज आली होती का, एवढंच विचारून घेई. शाळेतल्या बाई म्हणाल्या, असा साबण जन्मात मिळाला नाही, मी देणार नाही. त्यांच्याकडून तिने वडी अर्धा तास वाद घालून घेतली. पोस्टमनच्या बायकोने सांगितलं, आम्ही ती कुत्र्याला वापरली, त्याला काही झालं नाही.

“त्याला विचारलंत का?” वहिनी म्हणाली आणि वडी पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहीत एकच नाव उरलं. कोपऱ्यावरचे घड्याळवाले काका.

“तिथं नको जाऊस,” नणंद म्हणाली. “काकूंना जाऊन महिना झाला. आता कुणाला खाज येणारे?”

वहिनी चपला घालत होती ती थांबली. तीच तर गोष्ट दोन दिवस तिच्या मनातून जात नव्हती. काकू अंथरुणाला खिळलेल्या असताना ती भेटायला गेली होती. काकूंनी हात खाजवत विचारलं होतं, “वहिनी, या साबणानं तर नसेल ना गं होत?” आणि तिने पटकन म्हटलं होतं, “छे, औषधांनी होत असेल. माझ्या साबणानं आजवर कुणाला खाज आलेली नाही.” काकू बरं म्हणाल्या. ती पुन्हा भेटायला गेली तेव्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

“त्यांना तर सांगायलाच हवं,” ती म्हणाली आणि निघाली.

काका डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळावर वाकले होते. भिंतीवरच्या प्रत्येक घड्याळात वेगळीच वेळ झाली होती. “ये वहिनी, बस,” ते मान वर न करता म्हणाले.

ती बसली नाही. बसलं की बोलणं लांबेल आणि मग धीर सुटेल, असं तिला वाटलं.

“काका, वासाच्या साबणात जे तेल घातलं ते भेसळीचं निघालं. मी तपासलं नाही. काकूंना खाज यायची ती त्यानंच असणार. त्यांनी मला विचारलं होतं. मी ऐकून घेतलं नाही. उलट माझ्या साबणाची बढाई मारली.”

काकांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. 

“मला आला होता संशय,” ते म्हणाले. “अंघोळ मीच घालायचो ना. म्हटलं, बंद करू हा साबण. ऐकेना. म्हणाली, सगळ्या घराला औषधांचा वास येतो, एवढाच एक चांगला आहे.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“येणार होतो. तिनं अडवलं. म्हणाली, ती बाई जीव ओतून करते. तिच्या तोंडावर काही बोलू नका, वाईट वाटेल तिला.”

रागावतील, बोलतील, कदाचित जा म्हणतील, या सगळ्याची तयारी करून वहिनी आली होती. याची तयारी तिने केली नव्हती. तिने टेबलाची कड घट्ट धरली आणि मग ती स्टुलावर बसली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही.

“पण तू एकदा विचारायला हवं होतंस,” काका शांतपणे म्हणाले. “दुसऱ्या खेपेला आलीस तेव्हा. एवढंच विचारायचं, कमी झाली का म्हणून.”

“हो,” ती म्हणाली. “विचारायला हवं होतं.”

ते उठून आत गेले आणि वडी घेऊन आले. अर्धी झिजली होती. एका बाजूला खोलगट खळगा पडला होता. काकांनी तो दाखवला. “इथं तिचा अंगठा बसायचा. शेवटी शेवटी हातात जोर राहिला नव्हता. मी धुतो म्हटलं तरी हात-तोंड स्वतःच धुवायची. अंगठा असा रुतवून धरायची, म्हणजे सुटायची नाही.”

वहिनीने सवयीने पिशवी पुढे केली होती. ती तिने मागे घेतली.

“ही राहू दे,” काका म्हणाले.

“राहू दे. अंगाला लावू नका तेवढी.”

“नाही लावत.”

टेबलाच्या कडेला उघडलेल्या घड्याळांवर धूळ बसू नये म्हणून काचेची झाकणं होती. काकांनी एका झाकणाखालची चाकं बाजूला काढली, तिथे वडी ठेवली आणि झाकण पुन्हा घातलं. वहिनीने बिनवासाची नवी वडी काढून त्याशेजारी ठेवली. “आधी चार दिवस मनगटावर लावून बघा. काही झालं तर...”

“सांगतो,” काका म्हणाले.

घरी आल्यावर तिने हात धुतले आणि वेष्टनांचा गठ्ठा पुढे ओढला. आठशे कागद होते. तिने पेनाने पहिल्या कागदावरची ती छापील ओळ खोडली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: ‘त्रास झाला तर सांगा.’ मग दुसरा घेतला. नणंद हातांना मलम लावत होती. ती येऊन बाजूला बसली, वाचलं, आणि खुर्ची ओढून तिनेही पेन घेतलं.

“वहिनी, पुढं लिहू या ना, आम्हाला वाईट वाटणार नाही म्हणून. म्हणजे लोक सांगतील.”

“वाटतं की वाईट. खोटं कशाला लिहायचं?”

वहिनीने थोडा विचार केला आणि पहिला कागद परत ओढून घेतला. त्या ओळीपुढे तिने लिहिलं: ‘मला वाईट वाटलं तरी सांगा.’ मग तिने तो नणंदेपुढे नमुना म्हणून ठेवला, आणि दोघी उरलेले सातशे नव्याण्णव कागद लिहायला बसल्या.