शाखा पिंपळगावला गेली

देवव्रत गायधनीने कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि मग दाराच्या फटीला डोळा लावला. आत काही नव्हतं. दाराच्या वर जिथे ‘अष्टदिशा पार्सल’चा पिवळा फलक असायला हवा होता, तिथे भिंतीवर फिकट चौकोन आणि खिळ्यांची भोकं तेवढी उरली होती.

मागे गाडीचं दार वाजलं. मुंबईच्या मुख्य कार्यालयातून आलेल्या मोहिनी मॅडम उतरल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी पाठ सरळ केली आणि सगळ्या साजोळपाड्यावरून एकदा नजर फिरवली.

“बंद आहे?”

“मंगळू जेवायला गेला असेल.”

“सकाळी सकाळी?”

मॅडमनी पुन्हा पाहिलं. एकाही घरातून धूर निघत नव्हता. कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं.

“आणि बाकीचा पाडा?”

देवव्रतने कुलूप पुन्हा एकदा ओढलं. तो नाशिक विभागाचा प्रमुख होता आणि या शाखेचा जन्मदाताही. कंपनीच्या नकाशावर प्रत्येक शाखेभोवती एक लाल वर्तुळ काढलेलं असे. वर्तुळं एकमेकांवर चढून जवळपास सगळा देश लाल झाला होता. ‘देशात कुठेही उभे राहा, आमची शाखा जवळच आहे’ अशी जाहिरात मालकांनी गावोगाव रंगवून टाकली, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की कळवणचं वर्तुळ संपतं आणि गुजरातकडचं सुरू होतं त्याच्या मध्ये, सुरगाण्याच्या डोंगरात, काजूच्या आकाराची एक पांढरी जागा राहिली आहे. ती भरा, नाहीतर दुसरीकडे जायची तयारी करा, असं देवव्रतला सांगण्यात आलं. त्याच्या आधीच दोन बदल्या झाल्या होत्या, एक भिलाईला आणि एक सिलिगुडीला. तिसऱ्या बदलीला आपण पंचवटीतल्या घरातून हलणार नाही, हे त्याच्या बायकोने, तेजश्रीने, मेथी निवडता निवडता आवाज न चढवता सांगून टाकलं होतं.

म्हणून पावसाळ्यात चिखल तुडवत येऊन त्याने काजूच्या बरोबर मधोमध, मंगळू भोयेच्या घरात, त्यालाच चालवायला देऊन, शाखा उघडली. नारळ फोडला, भाषण केलं. नकाशा लाल झाला. दिवाळीपर्यंत त्या शाखेत एकही पार्सल आलं नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. दिवाळीनंतर मात्र आकडे असे काही चढले, की साजोळपाडा विभागात पहिला आला. मुंबईच्या बैठकीत देवव्रतने ‘डोंगरातली सुप्त मागणी’ या विषयावर बोलून टाळ्याही घेतल्या. ती मागणी इतके दिवस का झोपली होती आणि अचानक कशी जागी झाली, हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. तेच पाहायला आणि फोटो काढायला मॅडम आल्या होत्या.

शेळ्या हाकत एक म्हातारा वळणावरून आला. गाडी पाहून काठीवर टेकून उभा राहिला. आपण बहिरू, मंगळूचा चुलता, असं त्याने सांगितलं.

“मंगळू कुठे आहे, बाबा?”

“पिंपळगावला.”

“मग शाखा कोण बघतं?”

“शाखा बी गेली पिंपळगावला.”

“शाखा कशी जाईल?”

“जीपमधी,” बहिरू म्हणाला. “टपावर बांधली व्हती.”

मॅडमनी तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं.

बहिरूने मग नीट समजावलं. दिवाळी झाली की सगळा पाडा द्राक्षबागांच्या कामाला उतरतो, तो पावसाच्या तोंडाला परत येतो; हातात पैसा खेळतो तो तेवढ्यातच. मागे म्हातारे राहतात आणि शेळ्या. यात सांगण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा होता.

गाडी घाट उतरून वणीकडे निघाली. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. देवव्रत मनातल्या मनात खुलासे तयार करत होता आणि पुढच्या वळणावर ते फेकून देत होता. फलक दुरुस्तीला दिलाय. ही तात्पुरती सोय आहे. ‘प्रायोगिक तत्त्वावर’ हे शब्द सुचले तेव्हा त्याला जरा हायसं वाटलं. पिंपळगाव बसवंतला हायवेवर कंपनीची जुनी, काचेच्या दाराची शाखा लागली. ती सांभाळणारा यादव दारात खुर्ची टाकून ऊन खात बसला होता. गिऱ्हाईक फारसं फिरकतच नाही, अशी त्याची दर आठवड्याला तक्रार असे. देवव्रत सीटवर खाली सरकला.

बाग शोधावी लागली नाही. बांधावरच्या बाभळीला पिवळा फलक तारेने आवळलेला होता: ‘अष्टदिशा पार्सल, शाखा साजोळपाडा, तालुका सुरगाणा’. फलकाखाली कंपनीचा टेम्पो उभा होता, आणि त्याचा ड्रायव्हर लखन खोकी उतरवत होता. द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर मंगळूची बायको भिमाबाई बसली होती. समोर वीस-पंचवीस माणसांची रांग. ती एकेक पाकीट उचलायची, मोबाइल त्याच्यावर धरायची, ‘टुक’ झालं की नाव पुकारायची. एक तरुण मुलगी नवे बूट तिथेच घालून दोन पावलं चालून बघत होती.

साहेबांना पाहून लखनने हातातलं खोकं उगाचच पुन्हा टेम्पोत ठेवलं.

“तू साजोळपाड्याला जातोस ना रोज?” देवव्रतने दबक्या आवाजात विचारलं.

“शाखेपर्यंत जातो ना साहेब,” लखन म्हणाला. “शाखा इथंय. घाट वाचतो.”

एवढ्यात मंगळू हात पुसत बागेतून आला.

“या साहेब. फोन तरी करायचा, भाकरी टाकल्या असत्या.”

“मंगळू, शाखा इथे कुणाला विचारून आणलीस?”

“तुमीच सांगलं व्हतं की. नारळ फोडला तवा. माणूस जिथं, तिथं आपली शाखा.” त्याने मॅडमकडे वळून सांगितलं, “साहेब लय बरं बोलले त्या दिशी. मंग म्हटलं, माणसं समदी हिकडं, शाखा तिथं ठिवून कुनासाठी?”

ते वाक्य देवव्रतने कंपनीच्या कॅलेंडरवरून उचललं होतं. भाषणाला शेवट हवा होता म्हणून.

मॅडमनी एक क्रेट ओढलं आणि भिमाबाईशेजारी बसल्या. दोन-चार पाकिटं उलटसुलट करून पाहिली.

“मावशी, या सगळ्यांवर पत्ता साजोळपाड्याचा आहे.”

“मंग कुठला लिवायचा?” भिमाबाई काम न थांबवता म्हणाली. “ह्या बागेतून त्या बागेत जातो आमी. आज हितं, परवा तिकडं. घर तर तिथंच हाय ना.”

“हायवेवरच्या शाखेत का जात नाही?”

“तिथं इथल्या पत्त्याचा पुरावा मागत्यात. इथला पुरावा आमच्याकडं कुठला?” तिने पुढचं नाव पुकारलं.

मॅडम तिथेच बसून पाकिटं वाटली जाताना पाहत राहिल्या. कुणीतरी द्राक्षांचा घड आणून दिला, तो मांडीवर तसाच राहिला. मग घड हातात घेऊन त्या उठल्या आणि देवव्रतला बाभळीच्या पलीकडे घेऊन गेल्या.

“गायधनी, ही कल्पना तुमची?”

‘प्रायोगिक तत्त्वावर’ जिभेच्या टोकावर तयार होतं. चार पावलांवर मंगळू उभा होता, लग्नात व्याह्याची ओळख करून देताना उभं राहावं तसा, कौतुकाने. एक होकार दिला की पंचवटी राहणार होती. देवव्रतने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला.

“नाही मॅडम. शाखा इकडे आलीय हे मला आज त्या बाबांकडूनच कळलं.”

“आणि ते डोंगराच्या मागणीचं भाषण?”

“तेही असंच. काही माहीत नसताना केलेलं.”

मॅडमनी मान हलवली. घडातलं एक द्राक्ष तोडून तोंडात टाकलं. रागावल्या आहेत की काय, ते काही कळेना. नंतर त्यांनी फलकाखाली भिमाबाईचा आणि मंगळूचा फोटो काढला. मंगळूने साहेबांनाही दंडाला धरून मध्ये उभं केलं.

नाशिककडे परतताना आडगाव गेल्यावर देवव्रतने विचारलं, “नकाशाचं काय करू? खूण पिंपळगावला हलवली तर डोंगरात पुन्हा पांढरं दिसेल.”

“हलवू नका. शाखा साजोळपाड्याचीच आहे,” मॅडम म्हणाल्या. “सध्या कामाला गेलीय, असं लिहीन मी.”

महिन्याभराने मुंबईहून आदेश आला तेव्हा देवव्रतने तो उभ्यानेच वाचला, मग खुर्चीत बसून वाचला आणि घरी नेऊन तेजश्रीच्या हातात दिला. ऊसतोड, वीटभट्ट्या, मिठागरं, जिथे जिथे माणसं हंगामापुरती जातात तिथे तिथे त्यांच्याबरोबर जाणाऱ्या शाखा काढायच्या होत्या. त्या साऱ्यांचा प्रमुख देवव्रत गायधनी. मूळ ठिकाण नाशिक. मुक्काम हंगामाप्रमाणे.

“म्हणजे बदली नाही,” तेजश्री म्हणाली.

“नाही.”

“आणि घरीही नाही.”

“पावसाळ्यात असेन.”

तिने कागद टेबलावर ठेवला, त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. आतून भांडी लावल्याचा आवाज येत राहिला. मग हसण्याचा आवाज आला. तो आत गेला नाही.

त्याने गॅलरीत जाऊन मंगळूला फोन लावला. मंगळूने सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे तुमी बी निघाला म्हना.”

“हो. परवा. आधी कोल्हापूरकडे, ऊसतोडीला.”

 मंगळू बोलला तेव्हा त्याच्या आवाजातला साहेबांपुरता वेगळा सूर गेला होता. टोळीत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाशी बोलावं तसा तो बोलत होता.

“पांघरूण जाड घ्या. तिकडं रानात गार लागतं. पान्याची कळशी आपली आपल्याला घ्या, दुसऱ्याची मागायची नाय. आन वहिनींना रोज फोन लावायचा. काय बोलायला नसलं तरी लावायचा.”

“थांब, मंगळू,” देवव्रत खिसे चाचपत म्हणाला. “लिहून घेतो.”